क्लचला तेल घालत न्हाईत

—न्हाय हो मावशी, क्लच गेलेला न्हाय, त्याला तेल पाजलंय कुणीतरी. हे बघा — पुढं या की, चावत न्हाय ही रिमोटची गाडी, खेळणंच हाय — ही बेल, म्हणजे ही वाटी, आणि हिच्या आत हे तीन शू, ब्रेकला असतात तसले. इंजिन हळू फिरतंय तोवर हे गप मिटून बसतात, गाडी जागची हलत न्हाय. रिमोटचा ट्रिगर ओढला की फाकतात, वाटीला आतनं घट्ट धरतात, आणि मग गाडी पळती. घासून धरायचं, एवढंच ह्यांचं काम. त्यात तेल सोडल्यावर काय धरणार, कपाळ? इंजिन बोंबलतंय आणि गाडी ढिम्म. तुमचा लेक सूरज एवढा शिकलेला, आणि क्लचला तेल घालतोय? — व्हय, त्यानंच घातलं, मघाशी म्हणालासा की. बरं. सूरज बेंगळुरूला, दिवाळीपास्नं घरी आलेला न्हाय, आणि तेल मात्र ताजं. वास घ्या. पांढरं, पातळ, शिलाई मशीनचं तेल हाय हे. बेंगळुरूतनं लांब हात करून घातलं असंल, काय?

बसा, बसा, उठताय कुठं. अजून संपलं न्हाय माझं. मागच्या ॲक्सलला हा लाल दोरा गुंडाळलाय. रिमोटच्या ट्रिगरवर निळा खडू. टेलरचा खडू. सूरज ब्लाउज शिवतोय का तिथं? — हसलासा! झालं, कबूल झालं. कुठं पळवताय, गच्चीवर? — मैदानात? एवढ्या पहाटे, कुणी उठायच्या आत? वा. आणि दर शनवारी मशीनला तेल घालताना हिला पण एक थेंब? एक थेंब न्हवं मावशी, आंघोळ घातलीया तुम्ही हिला. सवय म्हणजे काय वाईट न्हाय, पण हे मशीन उलट्या डोक्याचं हाय. तेल फक्त ह्या बेअरिंगला, ते पण सुईच्या टोकाएवढं. शूला अजिबात न्हाय.

थांबा हां, फोन. — हां अव्वा. — व्हय, कंपनीतच की. — आवाज? कॉम्प्रेसरचा, शॉपफ्लोअरला उभा हाय मी. — खाल्ला डबा. — तू जाऊन आण की ब्लाउज, मी कुठनं येऊ, शिफ्ट हाय माझी. — बरं, ठेवतो.

काय बघताय? आई माझी, आमच्यात अव्वा म्हणतो. चुलत बहिणीचं लग्न हाय, त्याची गडबड चाललीया. कंपनी? हे जॅकेट बघून विचारताय व्हय. शिरोलीला फाउंड्रीत होतो. सोडली की, उन्हाळ्यातच. घरात — न्हाय, घरात अजून सांगितलेलं न्हाय. सकाळी जॅकेट घालतो, डबा घेतो, आणि शिरोलीला जायच्या ऐवजी इथं उद्यमनगरात येऊन ह्या माझ्या दुकानाचं शटर वर करतो. बाहेर बोर्ड का न्हाय म्हणून विचारलासा न्हवं का, ते म्हणूनच. तसं ते खोटं न्हाय — म्हणजे खोटंच हाय, पण थोड्या दिवसाचं. मी हे तुम्हाला का सांगतोय म्हणा!

तो पॉलिश पेपर द्या जरा. — न्हाय, तो बारीक. शू असे हलक्या हातानं घासायचे, वरची ही काचेसारखी चकाकी गेली पाहिजे. तेल जळून झालीया ती. — नोकरी कंटाळून सोडली हो. इंजिनिअरिंग केलं मी मशीनला हात लावायला, आणि तिथं मला खुर्ची दिली, संगणक दिला, किती कास्टिंग बाद झाली ते भरत बसायचं. कॉलेजात पण तेच. कोल्हापुरात पोरी पण 'आलो-गेलो' म्हणतो आम्ही, पण इंजिन खोलायची वेळ आली की मी पोरगीच. प्रॅक्टिकलला पोरं इंजिन खोलणार आणि सर मला म्हणणार, तू रीडिंग लिही, तुझं अक्षर चांगलं हाय. माझं अक्षर घाणेरडं हाय मावशी! कुणी बघितलंच न्हाय कधी. आणि अव्वा गल्लीभर सांगत फिरती, आमची रुद्राणी — म्हणजे मी — कंपनीत साहेब हाय. आता लग्नात पण सांगणार, सगळ्या पै-पावण्यांत. मी सोडली ह्याचं तिला काय वाटणार न्हाय कदाचित. पण दुसऱ्या कुणाच्या तोंडनं कळलं, तर मात्र ती जेवायची न्हाय. म्हणून ठरवलंय, रविवारी बिद्रीजवळ माळावर ह्या गाड्यांची रेस हाय, तिथं माझ्या हातच्या गाड्या पळू देत, नंबर येऊ दे एखादा, मग सांगणार. न्हाय, त्याच्या आधी कशाला? हातात दाखवायला काहीतरी पाहिजे न्हवं का.

तुमचं तसं न्हाय. तुमची गाडी तुमच्या हातात हाय, आणि तुम्ही मुलाच्या नावावर खपवताय! या की रविवारी. — लोक हसतात? हसू देत. या वयात खेळणं काय, असंच ना? आमच्या रेसमधले जयसिंगकाका पेन्शनीत निघाले, ते पळवतात, त्यांना कुणी म्हणत न्हाय. मला रागच येतो बघा. कुणी विचारलं कुठं गेलतासा, तर ताठ मानेनं सांगायचं, गाडी दुरुस्त करायला गेलते. कुणाची? माझी. बास. लपवायचं कशाला? — असं बघू नका माझ्याकडं. माझी गोष्ट वेगळी हाय.

हं, बसली बेल. बघा आता, चाकं वर धरलीत — ओढतो हां दोरी — झालं चालू! हळू चाललंय तोवर चाकं गप. आता ट्रिगर तुम्ही ओढा. ओढा की! — हां! बघितलं? कसं धरलं! रविवारी तुम्ही जयसिंगकाकांना रडवणार. बंद करतो. तुमच्या पिशवीत मघापास्नं काय थरथरतंय? फोन हाय, घ्या की. — नको? गिऱ्हाईक असंल? राहू दे मग.

आता माझा वाजतोय. — हां अव्वा. — दुकानाला कुलूप? — येईल की बाई, गेली असंल कुठंतरी. — फोन पण उचलत न्हाय? किती वेळा केलास? — ...थांब तिथंच अव्वा. निघाल्या त्या. — न्हाय, म्हणजे — मला कसं ठाऊक म्हणजे — निघाल्या असतील म्हणालो. ठेवतो, ठेवतो.

मावशी. तुमचं दुकान कुठं म्हणालासा? — महाद्वार रोडला. आणि अव्वाचा लाल ब्लाउज, काठाला जर. — व्हय, हाच दोरा की.

हसा, हसून घ्या. तिला काय सांगणार, उशीर का झाला? बाजारात गेलते? — न्हाय, तसं नका सांगू. ताठ मानेनं सांगा म्हणून मघाशी मीच बोंबललो, आता तुम्हाला खोटं बोलायला लावू? गाडी दुरुस्त करायला गेलते, म्हणा. ती विचारणार, कुणाकडं. विचारणारच, तिला सगळं विचारायची सवय हाय. आणि तुम्ही माझं नाव घेतलं की —

गाडी धरा. धरा हो, जॅकेट काढतो. न्हाय, इथंच राहू दे ते खिळ्याला. शटर ओढतो, मी पण येतो तुमच्याबरोबर, तिला माझ्याच तोंडनं कळू दे. चला, उन्हात उभी हाय ती.

आणि मावशी, वाटेत जरा गप बसा. मला विचार करू दे.