सोनू मिस्त्रींची सही

अनुदान शेवटी मिळालं, पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नाशकात आमची छोटी बांधकाम कंपनी होती. गवंड्यांना नकाशा वाचायला शिकवावं म्हणून सरकारकडं अनुदान मागितलं. फॉर्मवर प्रत्येकाची सही नाहीतर अंगठा हवा होता, आणि सही कुणालाच येत नव्हती.

सरकारी कचेरीत साहेबांसमोर आमच्या पेठच्या सोनू मिस्त्रींनी अंगठा टेकवला. नुसता काळा डाग उमटला. तीनदा तेच.

"रेघा कुठायत?" साहेब खेकसले.

"शिमिटानं खाल्ल्या, साहेब."

"मग ओळख कशी पटणार? न्या हा अर्ज परत."

माझं डोकं फिरलं. त्याच दिवसापासून काम सुटल्यावर मी सगळ्यांना सही शिकवायला बसलो.

महिन्याभरानं साइटवर गेलो तर मिस्त्रींनी ओल्या गिलाव्यावर थापीच्या टोकानं स्वतःचं अख्खं नाव लिहिलेलं. एक अक्षर चुकलं नव्हतं.

"मिस्त्री, जमलं की हो!"

नावावरून थापी फिरवून त्यांनी भिंत सपाट केली.

"अहो, पुसलंत कशाला?"

"भिंत मालकाची हाय, शेठ."