डोहाळं म्हना, रतनबाई

—न्हाई न्हाई, झोपाळा मिळंल वो रतनबाई, तेची काळजी सोडा. गुरवारच्या डोहाळजेवनाला मोकळाच हाय. झोपाळा, बसायची चंद्रकोर, तुमच्या वनिताच्या अंगावर घालायची फुलांची वाडी — निशिगंधाची करू, ह्या दिसांत मोगरा चांगला येत न्हाई — समदं टेम्पोनं कामथडीला येईल. पर आता हसत हसत काय म्हनला तुमी, ते परत म्हना की. सुनंला काय लागलीय? वखवख? सातवा म्हैना लागलेली पोर श्रावनात सुकट मागती, म्हनून वखवख?

आन् हीच पोर चिंचा मागती, पेढं मागती, तर तुमी आळीभर सांगत फिरला असता — आमच्या सुनंला डोहाळं लागल्यात! व्हय का न्हाई? सासूला रुचलं की डोहाळं, न्हाई रुचलं की वखवख. मागनारी तीच, पोट तेच, जीव तसाच तुटतोय — नाव तेवढं तुमी ठिवायचं. मी नसरापुरात हे दुकान टाकलं ना, तवा भावकी काय म्हनली? संजीवनीला भिकंचं डोहाळं लागल्यात. म्हनू द्या. बाईनं तोंड उघडायचा उशीर, शब्द तयारच असतो. बापयानं मागितलं तर काय म्हनत्यात? भूक म्हनत्यात. ताट वाढा म्हनत्यात.

आन् मगाशी आनखी एक बोलत हुता, मधीच गिळलं. बोला की. वाडी घालायला सखूबाईला पाठवा, असंच ना? सखूबाई माझ्याकडं फुलं ओवती, तिला चार लेकरं — आन् मी पोरबाळ नसलेली. वटीला माझा हात नगो. सरळ म्हना, मी काय पयल्यांदा ऐकतीय व्हय? अठरा वर्सं लोकांच्या सुना सजवतीय. भोरपसनं वेल्ह्यापतूर किती पोरींच्या येनीत गजरा माळला म्या, एकीचं तरी वाईट झालं का? दावा बरं एक.

आन् पोर न्हाई कसं? झालं हुतं की. वेल्ह्याकडं सासर माझं, पार तोरण्याच्या पायथ्याला. मला सातवा लागला तवा बी असाच श्रावन, अशीच झड. आन् मला खेकडं पायजे झालं. काळं, वढ्यातलं. काय सांगू तुमाला — भाताच्या बांधावरनं चालले तरी वास यायचा, झोपंत दात हलायचं. सासूला म्हनलं, तर ती काय म्हनली? हाच शब्द, रतनबाई. वखवख. तुमी मगाशी हसून म्हनला, तिनं शेजारनींच्या पुढं म्हनलं, एवढाच फरक. त्यावर बारा दिसांनी पोटात दुखाय लागलं. पोरगी झाली, दीस मावळस्तोवर जगली. मग सासूनं काय करावं? रानात खोपीमागं नांग्या घावल्या तिला. श्रावन बाटवलास, लेकरू खाल्लंस म्हनली. म्या शपथ घेतली — म्या न्हाई खाल्लं, मालकांनी खाल्लं. मालक बी व्हय म्हनलं. तीस वर्सं तेच सांगत आले, समद्यास्नी, देवाला बी. मी खाल्लंच न्हाई...

खाल्लं, रतनबाई.

कुठं निघाला? बसा, आता आलंय तोंडात तर ऐका. मालकांनी कपारीत हात घालून चार खेकडं काढलं, बोट फुटलं त्येंचं. रानातल्या खोपीत विस्तवावर भाजलं, मीठ बी नव्हतं. त्येनी एक नांगी बी घेतली न्हाई, नुसतं बघत बसलं माझ्याकडं. चारी मीच खाल्लं. आन् पोटात पोरगी अशी हलली, अशी हलली, का मी हसायलाच लागले. त्येंचा हात धरून पोटावर ठिवला — बघा म्हनलं, हिला बी आवडलं.

दवाखान्यातली बाई मागनं म्हनली, खेकड्यानं कुठं असं हुतंय का. पर तवर माझी शपथ घेऊन झालीती. तीस वर्सं लाज धरली मी त्या चार खेकड्यांची. आता न्हाई धरत. माझ्या लेकीनं ह्या जगातलं तेवढंच खाल्लं. दूध बी वढलं न्हाई तिनं. जे मागितलं ते तिला पोटात असताना मिळालं — आन् ते म्या दिलं, तिच्या आयनं. त्येला वखवख म्हनायचं न्हाई. माझ्या दुकानात तर न्हाईच न्हाई.

असं बघू नका माझ्याकडं, मला कीव नगो. ऐका. गुरवारी वाडी मीच घालनार आन् पयली वटी मीच भरनार. पटत नसंल तर झोपाळा दुसरीकडं बघा, आत्ताच सांगा. ...इसार काढून ठिवला न्हवं? मग मी येतीय. आता उठा. पलीकडं यष्टी थांबती तिथं सुकटवाली बसती. श्रावनात बी बसती, कुनीतरी घेतंच की. पावशेर घ्या. घरी जाऊन तव्यावर तुमीच भाजा, तुमच्या हातानं द्या तिला, आन् ती खात असताना समोर बसा.

जावा की, बसलाय काय? सुकटवाली दोनला उठती.