एक तास चार मिनिटं

सत्तावन्न साल. हैदराबादच्या सुलतान बाजारात बसच्या रांगेत माझ्या पुढे दोघे म्हातारे बोलत होते.

“भिवाजी, तुमच्या सुदामनं सायकल विकली म्हणे?”

“हौ. राज्य फुटलं, औरंगाबादला तबादला झाला, तरी सायकल सोबत नेली होती. आता विकली म्हणून पत्र आलंय.”

“असं कसं? इथली शेवटची शर्यत तर वीस मैल, एक तास चार मिनिटं! साऱ्या नल्लकुंट्याला सांगत होतात तुम्ही.”

“त्या दिवशी वादळ सुटलं, नामदेवराव. पंच टेबल उचलून पळाले. घड्याळ घेऊन मी एकटाच उभा. त्यातही पाणी शिरलं, बंद पडलं. पोरगा चिखलानं माखून आला, थरथरत विचारलं, बाबा, किती? तोंडाला आलं ते बोललो.”

“मग बिघडलं कुठं?”

“तिकडं कोरड्या सडकेवर वर्षभर वीस मैल मारले त्यानं. एक तास दहाच्या खाली येईना. लिहितो, माझे पाय गेले.”

“अहो, मग खरं कळवा की त्याला!”

“कसं कळवू? पत्राच्या शेवटी लिहिलंय, एकदा तरी मी एक तास चार मिनिटांत आलो होतो, बाबा. तेवढं माझं कुणी काढून घेणार नाही.”