दोन सर्व्हर आणि एक हॉल

यंत्रांना रागलोभ नसतात म्हणता? आमच्या हॉल-बुकिंगच्या कचेरीतल्या दोन सर्व्हरनी अबोला धरलेला मी पाहिलाय.

एक बंद पडला तर दुसऱ्याने काम चालवावं, म्हणून दोन ठेवलेले. एकदा त्यांना जोडणारी वायर निसटली. दुसरा मेला असं समजून दोघांनीही कारभार हाती घेतला आणि लग्नाचा हॉल एकाच दिवसासाठी दोन मुलींच्या बापांना दिला.

पावत्या घेऊन आले ते नेमके चुलतभाऊ. बागेच्या हद्दीच्या दगडी गडग्यावरून दहा वर्षं बोलणं बंद.

"सांगा हो ह्याला, हॉल माझा आहे," थोरला मला म्हणाला. धाकटा हातभर अंतरावर. मी सांगितलं.

"त्याला म्हणावं, सकाळचा मुहूर्त तू घे. मी गोरज धरतो," धाकटाही मलाच म्हणाला.

तेही सांगितलं.

"चालेल म्हणावं. आणि फुलांची सजावट काढत नाही, तीच वापर म्हणावं."

पुण्याचा इंजिनिअर वायर खोचता खोचता ऐकत होता.

"काका, ह्या दोन सर्व्हरमध्ये तुमच्यासारखा तिसरा बसवायला हवा. दुसरा जिवंत आहे, एवढंच दोघांना सांगत राहायचं."

"मिळेल असा?"

"मिळेल. पण तुमच्या पगारात नाही."