देवरेसाहेबांनी दिलेल्या गोळ्या

सुरतेच्या प्लेगचा विषय निघालाच आहे, तर सांगून टाकतो. देवरेसाहेब आमच्या मदत संस्थेचे प्रमुख आणि मी त्यांचा उजवा हात. त्या सकाळी पांडेसऱ्यातल्या कामगारांच्या खोल्यांवर गोळ्या वाटायला मी जाणार होतो. मी "ताप आलाय" असा निरोप धाडला आणि बायको-पोरांना घेऊन थेट स्टेशन गाठलं.

गाडीत कशीबशी जागा मिळाली. फलाटावर एक माणूस खिडकीखिडकीशी थांबून पळणाऱ्यांना गोळ्या देत होता. देवरेसाहेबच होते ते. आमच्या खिडकीशी आले. मी मान खाली घातली.

"पोरांना आधी दे," एवढंच म्हणाले, माझ्या हातात पाकिटं ठेवली आणि पुढे गेले.

महिन्याने मी परतलो. त्यांनी तो विषय कधीच काढला नाही.

चार वर्षांनी ते हार्ट अटॅकने गेले. मी घरी भेटायला गेलो, तर वहिनी पाहुण्यांना सांगू लागल्या, "प्लेगात सगळे पळाले, पण हे भाऊ तेवढे साहेबांसोबत राहिले. साहेब नेहमी सांगायचे."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फार हाल झाले असतील ना तुमचे?"

मी म्हणालो, "झाले थोडे."