आप्पांची गुलाबी पावडर

...नाही, पण मला सांगा, ज्या माणसाने उभा जन्म कारखान्याच्या फाटकावर तंबाखू मळली, त्याने मला रसायनशास्त्र शिकवावं? मला? बीएस्सीची दोन वर्षं काढून कॉलेजला लाथ मारून आलोय मी! तुम्हाला सांगतो, हे आमचे भगवानआप्पा, बापाचे थोरले भाऊ, सुरतेजवळच्या सचिन गावी चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात वॉचमन. एक दिवस आमच्या लिंबायतच्या चाळीपुढे रिक्षातून उतरले ते मांडीवर गोणी घेऊनच. आत काय? काच घासायची गुलाबी पावडर. सिरियम ऑक्साईड! शेठ कधीतरी बोलता बोलता बोलून गेला, 'भगवानभाई, चीनमां तो आ खेतरमां नाखे छे!' झालं! शेठ बोलला म्हणजे ब्रह्मवाक्य. पुतण्या बोलला म्हणजे कुत्रं भुंकलं.

अहो, चीनवाले शेतात टाकतात, कबूल! पण ते याच कुळातलं नायट्रेट, मिठासारखं पाण्यात विरघळणारं. आणि हे ऑक्साईड म्हणजे वीट. विटेचा चुरा बादलीत टाका, ढवळा, होतंय का सरबत? झाडाला काय दात असतात? मूळ पितं हो, चावत नाही! पुस्तकात याला 'दुर्मिळ मृदा' म्हणतात. दुर्मिळ कसली डोंबलाची! तुम्ही आत्ता पाय टेकून बसलात ना, त्या जमिनीत जवळजवळ तांब्याइतकं सिरियम असतं. आहे हो, पण विरघळत नाही! त्यात आमची माती काळी, चुनखडीची. एकदा मुठीत धरलं की सोडायचं नाव नाही, थेट आमच्या बापासारखी.

बरं, टाकायची कुठे ही पावडर? तर माझ्या मायच्या वांग्यांना! सुरतेतल्या त्या प्लेगनंतर मुन्सिपाल्टीने चाळीमागचा उकिरडा उचलला, तिथे मायने माहेरहून, यावलकडून बी आणून भरताच्या वांग्याची सात झाडं लावली होती. सात! चातुर्मासापासून वांगं तोंडात घातलेलं नाही त्या बाईने. चंपाषष्ठीला खंडेरावाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवणार, मगच खाणार. आणि बाजारचं नाही, झाडाचं! रोज वांग्यांवरून हात फिरवायची. माझ्यावरून कधी फिरवला असेल तर शपथ.

तर आप्पांनी ओंजळी भरभरून गुलाबी रांगोळी घातली. माय बिचारी पदर चावत बघत उभी. थोरला दीर, बोलायचं कसं? मी ओट्यावरून ओरडलो, "आप्पा, ते विरघळत नाही!" तर तंबाखूची पिंक टाकून म्हणतात कसे, "तुले काय कयस रे? अर्धं शिकून पळेल माणूस तू!" आणि बाप, भटू पाटील, यंत्रमागावर वीस वर्षं काढून कान गेलेला, त्याला काय ऐकू आलं देव जाणे, तो मान डोलावतोय! चाळीतले सगळे म्हातारे ओट्यावर बसून मान डोलावतायत! तुम्हाला सांगतो, या लोकांच्या डोक्यात काय अक्कल नाही? आहे हो, पण विरघळत नाही!

पंधरा दिवस गेले. वांगी होती तेवढीच. पावडर होती तिथेच. मी रोज सकाळी चहा घेऊन तिथे जायचो आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं विचारायचो, "काय आप्पा, विरघळली का?" मजा यायची हो! खोटं कशाला बोलू? आणि एक दिवस आप्पा चक्क विचारतात, "मग शहाण्या, विरघळस कशात ती?" आता इथे माणसाने गप्प बसावं. पण गप्प बसलो असतो तर कॉलेज सुटलं असतं का? मी फणकाऱ्याने म्हटलं, "ॲसिडात! संडास धुवायचं ॲसिड ओता!" आणि पिक्चरला निघून गेलो.

टोमणा होता हो तो! टोमणा! जन्मात माझा एक शब्द न ऐकणाऱ्या माणसाने नेमका तेवढाच ऐकावा?

परत येतो तर चाळीमागे जत्रा. आप्पांनी दोन बाटल्या ओतलेल्या, जमीन नुसती फसफसतेय, पांढरा फेस, आणि आप्पा लग्नातल्या आचाऱ्यासारखे कमरेवर हात ठेवून, "देख! विरघळी ऱ्हायनी!" म्हातारे टाळ्या वाजवतायत! अहो, तो मातीतला चुना उसळतोय! पावडरीला त्या ॲसिडाने काही होत नसतं! मी घसा फोडून सांगतोय आणि बाप पहिल्यांदाच, आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "शाबास, कुंदन!"

तिसऱ्या दिवशी सातही झाडं करपून आडवी. वांगी काळी ठिक्कर, मऊ. आणि मधोमध गुलाबी रांगोळी, जशीच्या तशी! माय चाळीमागे आली. खाली बसली, एक वांगं हातात घेतलं, ते बोटांतून गळून पडलं. मग माझ्याकडे बघून एवढंच, "आते खंडेरावना पुढे काय ठेवू रे?" आप्पांना नाही हं विचारलं. मला. कारण तोवर आप्पा सगळ्या लिंबायतला सांगत सुटले होते, "पोरानं सांगं, म्हणून ॲसिड वतं."

आणि खोटं होतं का ते?

चंपाषष्ठी आली. नुसता रोडगा. भरीत नाही. मायने बाजारचं वांगं घरात आणू दिलं नाही, की तोंडात घातलं नाही. पण ती पावडर मातीतून वेचून तिने देवाचं पितळी ताट घासलं होतं. तुम्हाला सांगतो, असं ताट उभ्या सुरतेत नसेल! झगमगाट! अहो, घासण्यासाठीच जन्माला आलेली पावडर ती! आप्पांनी ताट बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "म्हटलं नव्हतं? गुणनी शे पावडर!"

मी संतापून ताटावर वाकलो, उत्तर द्यायला तोंड उघडलं... आणि ताटात माझाच चेहरा दिसला. तेच नाक, तीच वर केलेली भुवई, तोच सगळं समजल्याचा थाट. हुबेहूब भगवानआप्पा.

मायने कोरडा रोडगा माझ्या पुढ्यात सरकवला. माफी ओठांवर आली होती तेव्हा. अजून तिथेच आहे. आहे हो... पण विरघळत नाही.