हात काढल्यावर

...छे, कपडे काढायचे नाहीत ताई, आहात तशाच झोपा पालथ्या — चष्मा तेवढा काढून ठेवा. तोंड टेबलाच्या या भोकात. पहिल्यांदा सगळ्यांनाच हसू येतं, हसा खुशाल. आता काय होणार म्हणून विचारत होतात ना? काही होणार नाही. म्हणजे तुम्हाला तसं वाटेल. रगडणं नाही, तेल नाही, हाडं कडकड वाजवणं नाही — मिटल्या डोळ्यावर बोट ठेवलं तर सोसेल, इतकाच दाब. शिवणाच्या कारखान्यात आहात म्हणालात, मग तुम्हाला चटकन कळेल — कापड ओढून धरलं की चुण्या पडतात, हाताखालून नुसतं जाऊ द्यायचं असतं, तसंच हे. मान वाकवून बसता ना दिवसभर? मग हे इथं — दुखलं? नाही हो, दाबत नाहीये मी. नुसता हात ठेवलाय. तुमचा खांदाच वर आलाय हाताला भेटायला, कुणी हाक मारेल म्हणून कान टवकारून बसल्यासारखा.

हं, काढला हात. आता थांबायचं. हीच या कामाची रीत — हात लावायचा, काढायचा आणि खोलीतून निघून जायचं. आमच्या बाई, ज्यांच्याकडे मी शिकले, त्या म्हणायच्या, निम्मं काम हात लावून होतं, उरलेलं हात काढल्यावर, त्या वेळी तुम्ही तिथं घुटमळू नका. पोटात गुडगुडेल, पाय गरम होतील, कुणी घोरायला लागतं, कुणाला उगाच रडू येतं — आलं तर येऊ द्या. त्यांच्याकडे शिकलेल्या बाकीच्या या वेळात बाहेर जाऊन चहा पितात. मी आत जाते. आत आई आहे, या फळीच्या भिंतीपलीकडे — तिची कूस बदलायची, पाणी पाजायचं. आज कधी नव्हे तो आपोआप डोळा लागलाय तिचा, म्हणून इथंच टेकते. टेकू ना? नियमानं टेकू नये. पण जाणार कुठं, दोन तर खोल्या.

आई ना? पडली हो. न्हाणीघरात. हाड जुळलं, पण पाठ आखडली ती आखडलीच, रात्ररात्र कण्हायची. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, शेवटी मी हात ठेवला — आणि झोपली. इतकं बरं वाटलं मला तेव्हा! आता हात असला तरच झोपते. काढला की डोळे उघडते. नुसती बघते. घोंगडी ठेवून बघितली, उशी ठेवून बघितली — तिला कळतं. वहिनीनं एकदा प्रयत्न केला तर आई म्हणाली, पीठ मळतेस का गं? मग वहिनी पुन्हा फिरकली नाही. आणि दादा, माझा मोठा भाऊ, तो फोनवर म्हणतो, तुझ्या हाताला गुण आहे बाई, आम्हाला नाही जमायचं. कौतुक करायला काय जातं! एक हात तिच्या पाठीवर आणि एका हातानं जेवणारी बाई बघितलीय कधी? मी आहे ती.

उताण्या वळा जरा, आता मानेखाली हात घेते. सैल सोडा डोकं — मला देऊन टाका. नाही, तुम्ही मदत करताय, मदत नका करू.

हं. तर आमच्या बाईंचे डोळे झालेत अधू, त्यांनी मला तिकडं त्यांच्या गावी बोलावलंय — येणारी माणसं सगळी तूच बघ आता, वर राहायला खोली आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. मी आजवर समुद्राच्या काठी झोपलेली नाही. आज संध्याकाळपर्यंत कळव म्हणाल्या, नाहीतर दुसऱ्या मुलीला विचारतात. आईला तिथं नेता येत नाही, जिना उभा आहे. दादा म्हणतो माझ्याकडे पाठव, नर्स ठेवू — दादा म्हणतो, वहिनी म्हणत नाही, पण ते असू दे, ठेवतील, उपाशी नाही मारणार. म्हणजे जायला वाट आहे, तेच तर सांगतेय तुम्हाला! वाट नसती तर गप्प बसले असते. आणि मला जायचंय. कुणालाच बोलले नाहीये हे, आईला तर अजिबात नाही — मला जायचंय हो. कधीकधी तिच्या पाठीवर हात असतो आणि वाटतं, एकदाचं हे सगळं — नको. तुम्ही डोळे मिटा. मिटा ना.

थांबा जरा.

काय गं आई? जागी आहेस?

...ऐकलंत? नाही ऐकलंत? म्हणाली, "जा गं तू. माझं काय, होईल माझं."

किती वेळ जागी होती कोण जाणे. फळीची भिंत, शिंक आली तरी इकडे कळते. आणि आवाज कसा, बघा — रागाचा नाही, काही नाही. जाऊ नकोस म्हणाली असती तर भांडले असते. कडाकडा भांडले असते आणि पिशवी उचलून गेले असते, पुरतं माहितीये तिला. नाही — असं बोलू नये. मनापासून म्हणाली असेल. तशीच आहे ती, मनापासूनच म्हणाली असेल.

मग तर संपलंच माझं जाणं.

उठा ताई. झटकन नको, कुशीवर वळा, हातावर भार द्या, हं. पाणी भरपूर प्या आज, आणि घरी गेल्यावर मान चोळत बसू नका. हलकी वाटतेय? चांगलं झालं. नाही, मला काही झालेलं नाही, चष्मा घ्या तुमचा. पुन्हा एकदा यावं लागेल. पुढचा मंगळवार? चालेल. त्यानंतरचाही चालेल. हो, मीच असेन, दुसरं कोण असणार? दार ओढून घ्या जाताना — आले गं, आई.